गुलछडीची सवत

माझ्या मंदावहिनीला सवत आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या सवतीला चार पाय आहेत हेही. दळणाला निघालेल्या बायका मुद्दाम दाराशी थांबून विचारायच्या, "काय वं मंदाबाई, तुनी सवत जेवनी का?" वहिनी हसायची. पण ते हसू दातांपुरतं असायचं. मी तिची नणंद. भावजयीचं खोटं हसू नणंदेला दुरून कळतं, त्यासाठी चष्मा लागत नाही.

आधारभाऊ माझा थोरला भाऊ. चोपड्याजवळच्या आमच्या गावात तो कापूस पिकवतो, पण त्याला ओळखतात ते घोडीवाला म्हणून. घोडीचं नाव गुलछडी. पांढरीशुभ्र, उंच, नाकपुडीजवळ गुलाबी डाग. आसपासच्या गावांतला नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडे निघाला की त्याच्याखाली गुलछडीच पाहिजे. ढोल वाजला की ती पुढचे पाय उचलून नाचायची, आणि भाऊ फेटा बांधून तिच्या तोंडाशी अशा ऐटीत चालायचा की परक्या माणसाला वाटावं, लग्न याचंच आहे.

ती घरात आली त्याचीही एक गोष्ट आहे आणि वहिनीला ती तोंडपाठ आहे. भाऊनं तिला एकदा सारंगखेड्याच्या जत्रेला नेलं. लग्न झाल्यापासून दोघं पहिल्यांदाच कुठे जोडीनं गेले. वहिनीनं नवी साडी नेसली. तिला बांगड्या घ्यायच्या होत्या. भाऊ म्हणाला, आधी घोडे बघून येतो, नुसते बघतो. ती तंबूच्या सावलीत बसून राहिली आणि हा संध्याकाळी एक पांढरं शिंगरू घेऊन आला. बांगड्यांचं दुकान तोवर आवरलं होतं. परतताना टेम्पोत वहिनी ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि भाऊ मागे, शिंगराच्या गळ्यात हात टाकून. वाटेत टेम्पो थांबला, भाऊ पुढे आला. वहिनीला वाटलं, चहा विचारायला आला. तो शिंगरासाठी बादली मागत होता.

ज्या माणसानं बायकोला कधी एक गजरा आणला नाही त्यानं घोडीला फुलाचं नाव ठेवलं. वहिनीला तो नावानं कधी हाक मारत नसे. "भाकर", "पाणी", "दार लाव", एवढंच बोलणं. गोठ्यात मात्र त्याचं तोंड सुटायचं. पाऊसपाणी, कापसाचा भाव, वरातीतल्या कोणाचा फेटा सुटला, सगळं गुलछडीला सांगायचा आणि मध्येमध्ये हसायचा. वहिनी चुलीपुढे बसून ते ऐकायची. एकदा पौषाच्या थंडीत तिनं तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. चार दिवसांनी बघते तर ती गोधडी गुलछडीच्या पाठीवर. तेव्हापासून ती घोडीला कडबा टाकायची तो लांबूनच, जवळ जाऊन नाही.

गेल्या दिवाळीनंतर, लग्नाच्या तारखा सुरू व्हायच्या सुमारास, भाऊ गोठ्यात पडला. अर्धांगाचा झटका. गुलछडी सारखी खिंकाळायला लागली म्हणून वहिनी बघायला गेली आणि तो दावणीशी पडलेला दिसला. लोक आजही सांगतात की आधारला घोडीनं वाचवलं. त्याला खांद्याला धरून टेम्पोत कोणी घातलं, जळगावच्या दवाखान्यात बाकावर बसून कोण राहिलं, ते कोणी सांगत नाही. वहिनी सांगते, पण मलाच.

उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं की पायात अजून जोर आहे. मनावर घेतलं तर हा माणूस चालेल. पण हे पहिले काही महिने पडून काढले तर मग कायमचा पडूनच राहील. आमचा भाऊ घरी आला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम शिकवायला माणूस यायचा, भाऊ डोळे मिटून घ्यायचा. वहिनी पाय चोळायची, अंग पुसायची, भरवायची, "उठा ना जरासे" म्हणून विनवायची. तो खाटेवर नुसता पडलेला. मात्र गोठ्यातून गुलछडी खिंकाळली की त्याची मान वळायची. वहिनीच्या हातात वरणभाताची वाटी तशीच राहायची.

"दख सारिका," ती मला म्हणाली, "मी हाक मारस ते भिंतकडे तोंड. ती खिंकाळनी का लगेच मान फिरस."

मी चोपड्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या अंगणवाडीतली पूर्वीची एक मुलगी, पुनम, बोलत नाही, कोणी हात लावला तर किंचाळते. तिची आई तिला गावाबाहेरच्या एका केंद्रात घोड्यांपाशी नेते हे मला ठाऊक होतं. केंद्र म्हणजे काय, केळी भरायची जुनी शेड आणि तिच्यापुढचं मोकळं रान. चालवणारी वृषाली, शेडच्या मालकाचीच मुलगी, व्यायामाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन आलेली. तिच्याकडे दोन ठेंगणे घोडे होते, मुलांपुरते. मी भावाबद्दल सांगितल्यावर ती म्हणाली, "घोडा चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर हलते, ती अगदी आपण चालताना हलते तशी. अंगाला चालणं आठवायला लागतं. पण मोठ्या माणसाला मोठा, शांत घोडा पाहिजे. तुमची घोडी बँडला, फटाक्यांना बुजत नाही ना? मग तिलाच आणा."

मी धावत गावी गेले. वहिनीला सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे आते दवा बी तीच?"

वहिनीनं सूप परत उचललं आणि खडे जरा जास्तच जोरात फेकले. पण दुसऱ्या आठवड्यात टेम्पो तिनंच ठरवला. नवरा उभा राहावा एवढंच तिला हवं होतं, मग तो कोणामुळे का राहीना. असं ती म्हणाली. तिच्या अंगाची लाही होत होती हे तिनं सांगितलं नाही, ते दिसत होतं.

पहिल्या दिवशी गुलछडीला धरायला चिंधा आला. चिंधा ढोलवाला, वरातीत भाऊचा कायमचा जोडीदार. केळीचे ट्रक भरायचा ओटा होता, त्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून भाऊला घोडीवर बसवलं. कमरेला जाड पट्टा, एका बाजूला वृषाली, दुसऱ्या बाजूला मी. आणि गुलछडी जागची हलेना. चिंधानं दोर ओढला, चुचकारलं, तरी नाही. वृषाली बुचकळ्यात पडली. चिंधाला मात्र लगेच कारण कळलं. पाठीवर माणूस बसला की ढोल वाजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, अशीच तिला सवय. आणि मग चिंधानं जे करायला नको ते केलं. शेडमध्ये तेलाचा रिकामा डबा पडला होता, तो काखेत घेतला आणि वरातीचा ठेका धरला.

गुलछडी चालली नाही, नाचली. मान वाकडी करून पुढचे पाय एकाआड एक उचलायला लागली. वृषाली ओरडली, "बंद करा! बंद करा!" मी भावाच्या मांडीला मिठीच मारली. भाऊनं डाव्या हातानं आयाळ घट्ट पकडली होती, आणि तो हसत होता. अर्ध्या तोंडानं, पण आवाज काढून हसत होता. झटका आल्यापासून त्याच्या घशातून निघालेला तो पहिला आवाज. चिंधाच्या हातातला डबा थांबला. आम्हा सगळ्यांनाच रडू आलं होतं.

वहिनी ओट्यावर उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी जवळ जाऊन तिचा हात धरला तर ती म्हणाली, "मना हातनी भाकर खाईसन असा कधी हासना का वं तो?"

पुढे वृषालीनं हळूहळू गुलछडीला ढोलाशिवाय चालायला शिकवलं. आठवड्यातून तीन सकाळी आम्ही जायचो. भाऊची पाठ ताठ झाली, मान सावरली, उजव्या बाजूला कलायचा तो कलेनासा झाला. पण खाली उतरवून चाकाच्या खुर्चीत ठेवला की परत गाठोडं. वृषाली समोर धरून उठायची लाकडी दांडी घेऊन उभी राहायची, "आधारभाऊ, उठा, मी धरते," आणि भाऊ गुलछडीकडे बघत बसायचा. पाय ठेवायचा नाही. घरीही तेच.

"घोडी तिचं काम करतेय," वृषाली एक दिवस मला आणि वहिनीला म्हणाली. "आता पुढचं त्यांचं आहे. पण ते उठतील कशाला? त्यांना हवं ते बसल्या जागी मिळतंय. असंच राहिलं तर पावसाळ्यापर्यंत पाय आखडतील."

वहिनीनं ते ऐकलं आणि घोडीकडे असं पाहिलं की मलाच तिथून उठावंसं वाटलं.

त्या केंद्रात बसून मी एक बघितलं. घोडी माणसामाणसाशी वेगळी वागते. वरातीत नवरदेवांना मान झटकून दाखवणारी गुलछडी त्या पुनमपुढे आली की मान पार गुडघ्यापर्यंत खाली घालायची आणि तशीच थांबायची. पुनम बोटानं तिच्या कपाळावर रेघा ओढत बसायची, तोवर ती शेपटीसुद्धा हलवत नसे. एकदा कोणी गावपुढारी फोटो काढायला आले. मोठमोठ्यानं हसत, तिच्या मानेवर थापा मारत होते. गुलछडीनं शांतपणे फिरून त्यांना पाठ दाखवली आणि फोटोत तीच आली. आणि वहिनी जवळ गेली की कान मागे, एकदम चपटे. वहिनी तळहातावर गूळ घेऊन जायची. "ये वं मनी माय, ये वं मनी सोनी," असं साखरेत घोळवून बोलायची. गुलछडी गूळही घ्यायची नाही.

"दखा! मी इतलं गोड बोलस तरी!" वहिनी म्हणायची. खरं तर तिला आतून बरंच वाटायचं, की बघा, दोष माझा नाही.

वृषालीनं एकदा सांगून टाकलं. "मंदाताई, तुमचं तोंड गोड बोलतं, पण खांदे बघा, दगड. श्वास अडवून धरलेला. घोडा माणसाचं अंग वाचतो. तोंड एक सांगतं आणि अंग दुसरं, तेव्हा तो भितो. त्याला वाटतं, हे माणूस काहीतरी लपवतंय, आता काय करेल नेम नाही. तुमचा राग तिला चालेल. लपवलेला चालत नाही."

"माले कसाना राग?" वहिनी म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली. जाताना तिनं एक रिकामं क्रेट पायानं असं उडवलं की दोन्ही ठेंगणे घोडे दचकले. गुलछडीनं मात्र कान पुढे केले. हे माझ्या लक्षात राहिलं.

उन्हाळा लागला आणि चिंधाला वरातींची आमंत्रणं सुरू झाली. तो यायचा बंद झाला. आता गुलछडीचा दोर कोणी धरायचा? भाऊ पाठीवर असताना ती अनोळखी हाताचं ऐकत नव्हती. मी आणि वृषाली दोन्ही बाजूंना हव्याच होतो. राहिली वहिनी.

"आधी नुसतं चालवून बघा," वृषाली म्हणाली. "भाऊंना नंतर बसवू."

सकाळचे नऊ वाजायचे होते पण ऊन चटका देत होतं. भाऊ शेडच्या सावलीत खुर्चीत बसला होता. वहिनीनं दोर धरला, खोटं खोटं हसली, "चाल वं सोनी," म्हणाली. गुलछडीचे कान मागे गेले. वहिनीनं ओढलं. गुलछडीनं चारी पाय रोवले. वहिनीनं आणखी ओढलं, चपलेतून पाय निसटला, ती पडता पडता सावरली. आणि तेवढ्यात तिचं लक्ष भाऊकडे गेलं.

भाऊ हसत होता. तेच अर्ध्या तोंडाचं हसू. घोडी तुला दाद देत नाही बघ, असं ते हसू होतं. मी त्याची बहीण आहे, मला ते ओळखू आलं. आणि वहिनी तर त्याची बायको.

तिनं दोर जमिनीवर आपटला. पदर कमरेला खोचला आणि घोडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"काय दखस माले? मी तुना काय घोडं मारेल शे? सारंगखेडाले माले बांगड्या लेवान्या व्हत्यात, आनि तू उनी! मना मायना लुगडानी गोधडी, ती बी तूच पांघरनी! माले ताप ऊना ते हाऊ मानूस वरातमा निंघी गया. तुनं पोट फुगनं ते रातभर तुनाजोडे बठेल! इतला वरीसमा यानी माले एक दिन नाव लीसन हाक मारी नही. आनि तुनं नाव काय, ते गुलछडी! आते बी त्याले धुस कोन? मी! भरावस कोन? मी! आनि हासस कोनकडे दखीसन? तुनाकडे! बठ्ठं, समदं तुले! मना वाटाले काय उनं वं? सांग ना! मना वाटाले काय उनं?"

आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असणार. वृषालीनं मला हातानं खूण केली, थांबा, जाऊ नका. वहिनीचं सगळं बोलून झालं. आयुष्यभराचं होतं, वेळ लागला. मग ती शेजारच्या उलट्या क्रेटवर बसली आणि तोंडाला पदर लावून मोकळी रडली. ना कोणाची लाज, ना कोणाकडे बघणं. खांदे एकदम खाली आले होते, रिकाम्या केलेल्या पोत्यासारखे.

गुलछडीनं लांब श्वास सोडला, नाक फुरफुरलं. मग जीभ ओठांवरून फिरवली, तोंडात काही नसताना चघळल्यासारखं केलं. मान हळूहळू खाली आली. कान सैल पडले. आणि ती दोन पावलं पुढे येऊन वहिनीच्या खांद्याशी तोंड आणून उभी राहिली.

"सरक तिकडे," वहिनी म्हणाली. पण तिला ढकललं नाही.

थोड्या वेळानं वहिनी उठली, तोंड धुवायला हौदाकडे गेली. गुलछडी मागे. दोर जमिनीवर घसटत होता, धरलेला कोणी नव्हता. वहिनी हौदाला वळसा घालून शेडमागे गेली, गुलछडीही गेली. वहिनीनं थांबून मागे पाहिलं, गुलछडी थांबली. वहिनीला काही कळेना. ती आमच्याकडे बघून लहान मुलीसारखी म्हणाली, "हाई काय करी ऱ्हायनी वं?"

वृषाली हसली. "आज तुम्ही तिच्याशी खरं बोललात."

मी आनंदानं भावाकडे वळले. भाऊचं हसू गेलं होतं. डावा हात खुर्चीच्या दांडीवर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती. तेरा वर्षं त्यानं वाढवलेली घोडी, त्याच्याशिवाय कोणाच्या मागे कधी दोराविना गेली नव्हती. चिंधाच्या मागेही नाही. आणि आज ती गेली ती कोणाच्या मागे?

त्या दिवशी घरी त्यानं वहिनीच्या हातातली वाटी ढकलून दिली. वरण खाटेवर सांडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. केंद्रात वहिनी गुलछडीच्या अंगावरून खरारा फिरवायला लागली की हा खुर्चीची दांडी बडवायचा, घशातून गुरगुरायचा. घोडीवर बसवलं की त्याचं लक्ष पुढे, दोर धरून चाललेल्या वहिनीच्या पाठीवर. गुलछडीचे कान वहिनीच्या पावलांकडे लागलेले. तेही त्याला दिसत होतं.

वहिनी घाबरली. "यासनं काय बिघडनं? डॉक्टरले दखाडूत का?"

"वयनी," मी म्हटलं, "भाऊ जळस वं."

"कोनवर?"

"तुनावर."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला पटेना. मग तिनं खाटेकडे पाहिलं, तिथे भाऊ आमच्याकडे पाठ करून, पण कान देऊन पडला होता. आणि वहिनी हसली. मी सांगते, इतक्या वर्षांत त्या बाईचं खरं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

कोणाला वाटेल, आता ती नवऱ्याची समजूत काढेल, घोडीपासून जरा लांब राहील. छे! आमची वहिनी तशी नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही तसं केलं नसतं. दुसऱ्या खेपेला ती ठेवणीतली साडी नेसून आली. गुलछडीच्या आयाळीत तिनं लाल लोकरीचा गोंडा गुंफला, भाऊच्या अगदी समोर, सावकाश. गूळ भरवला. गुलछडीनं तो मिटक्या मारत खाल्ला. मग वहिनी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. काय ते भाऊला ऐकू आलं नाही आणि त्यानंच त्याचा जीव जास्त जळला. मी विचारलं, काय सांगितलं वं? ती म्हणाली, काही नही, तांदूळ महाग व्हयना ते सांगं.

शेवटी एक सकाळ अशी आली. वृषाली नेहमीसारखी दांडी घेऊन भाऊपुढे उभी होती. "उठा, आधारभाऊ." भाऊ उठत नव्हता. पण तो वृषालीच्या बाजूनं मान काढून पलीकडे बघत होता. पलीकडे वहिनी गुलछडीच्या गळ्याखाली खाजवत होती आणि गुलछडीनं तिच्या खांद्यावर हनुवटी टाकली होती. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबता. अशी ती फक्त भाऊपाशी उभी राहायची, गोठ्यात, दिवस मावळताना.

भाऊच्या घशातून आवाज आला. मग दुसरा. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या.

"म... म... मनी!"

आम्ही जागच्या जागी थिजलो.

"मनी... शे!"

बोबडं होतं, वाकडं होतं, पण शब्द होते. माझी घोडी आहे, माझी. मला तर हुंदकाच फुटला. वृषालीनं दांडी बाजूला टाकून पटकन त्याच्या मागे जाऊन कमरेचा पट्टा धरला. वहिनी रडली नाही. तिनं गुलछडीच्या गळ्यावरचा हातही काढला नाही.

"तुमनी शे?" ती म्हणाली. "मंग या. आनि लई जा."

भाऊनं डाव्या हातानं खुर्ची रेटली. पाय थरथरत होते. एकदा खाली बसला. दात खाऊन परत जोर केला. आणि उभा राहिला. माझा भाऊ उभा राहिला. वृषाली मागे, मी धावत त्याच्या उजव्या काखेत शिरले, तो माझ्याकडे बघतही नव्हता. लुळा पाय ओढत, झुलत, तो त्या दोघींकडे निघाला. मध्ये फार अंतर नव्हतं, पण मला ते संपेना. पोहोचल्या पोहोचल्या त्यानं वहिनीच्या हातातला दोर हिसकून घेतला आणि उजवं अंग गुलछडीच्या मानेवर टाकलं.

मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तो तिच्या हातचं खात आला, पाणी पीत आला, पण तिच्याकडे बघत नव्हता. आज डोळे फाडून बघितलं. प्रेमानं नाही, जळफळून. हिच्यापाशी असं काहीतरी आहे जे आपल्याला हवं आहे, असं बघितलं. वहिनीनं मान खाली घातली नाही. ती नजर तिनं पुरेपूर घेतली. उन्हात उभी राहून, सावकाश, बांगड्या भरून घेणाऱ्या बाईसारखी.

"घर... जाय," भाऊ तिला म्हणाला.

"जास ना," वहिनी म्हणाली. तिनं पदर सारखा केला, चपला घातल्या, आणि खरंच रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली.

गुलछडीनं मान उचलली, कान पुढे केले आणि तिच्यामागे पाऊल टाकलं. दोराला ओढ लागली. भाऊ चिडून ओरडला, पण मूठ उघडेना. घोडीच्या मानेला रेलून त्यालाही एक पाय पुढे टाकावा लागला, मग दुसरा. वृषाली पट्ट्याला धरून "हळू, हळू" म्हणत होती, पण तिचं कोणी ऐकत नव्हतं. माझा भाऊ दोर सोडेना, गुलछडी वहिनीची पाठ सोडेना, आणि वहिनी काही केल्या मागे वळून बघेना.